प्रत्येक हंड्यात साडू

उजेडाशी उभं वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. उन्हाला कंटाळलेली माणसं आमच्या मराठवाड्यात घरोघर सापडतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. ऊन लागतं म्हणून डोक्यावर रुमाल टाकणं निराळं आणि सकाळी फटीतून कवडसा आत आला की "आला का हा परत" म्हणत त्याच्या तोंडावर गोणपाट ओढणं निराळं. साडूंनी वर्षभर हेच केलं. ट्यूबलाइट, समोरच्या दुकानाची काच, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींचे आरसे, इतकंच काय, बायकोच्या नाकातली चमकी, या सगळ्यांवर त्यांनी वेळोवेळी राग काढला. यातलं वाईट एवढंच, की त्याआधीची चाळीस वर्षं हाच माणूस उजेडाचा भक्त होता.

लातूरला गोलाईच्या चौकातून फुटणाऱ्या रस्त्यांपैकी एका रस्त्यावर त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांच्या घरात दिलेली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूंना मी अण्णा म्हणतो. ते मला सर म्हणतात, कारण मी नांदेडहून रोज रेल्वेने मुदखेडला जाऊन तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि मास्तर माणूस जावई झाला तरी आमच्याकडे सरच राहतो. अण्णांचा दिवस लिंगपूजेने सुरू व्हायचा. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढून ते दुकानात यायचे आणि पहिला तासभर, गिऱ्हाईक असो नसो, चिंच आणि राख घेऊन भांडी घासत बसायचे. काल घासलेलं भांडं आज परत घासायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कालचं उजळणं काल गेलं." हंड्यात स्वतःचं तोंड दिसलं नाही तर तो हंडा त्यांच्या लेखी हंडाच नव्हता.

ही सवय दुकानापुरती राहिली असती तर कुणाची तक्रार नव्हती. एकदा उदगीरला नात्यातल्या एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो. घरातले कर्ते गृहस्थ अचानक गेलेले, माणसं सुन्न बसलेली. अण्णाही बसले, डोळ्यांत पाणी आणून दोन शब्द बोलले. मग आतून पाणी आलं, आणि पाच मिनिटांनी पाहतो तर अण्णा जागेवर नाहीत. शोधत शोधत मागच्या मोरीपाशी गेलो. तिथे अण्णा उकिडवे बसून त्या घरचा तांब्या घासत होते आणि त्या घरची सून, रडून डोळे सुजलेली, चिंचेचा गोळा हातात धरून बाजूला उभी होती. मी दंडाला धरून उठवायला गेलो तर मला म्हणाले, "दुःख तर हायच, सर. पण तांब्या कामून काळा?" गिऱ्हाइकांचीही सुटका नव्हती. हदगावकडची एक बाई लेकीच्या लग्नासाठी घंगाळ घ्यायला आली होती. अण्णांनी विचारलं, "रोज वापरणार का माळ्यावर टाकणार?" ती बिचारी खरं बोलली. लेक पुण्याला फ्लॅटमध्ये राहणार आहे, दारात घंगाळ ठेवून त्यात फुलं सोडणार आहे, म्हणाली. अण्णांनी तिच्या हातातून घंगाळ हलकेच काढून घेतलं आणि तिला कुंड्यांच्या दुकानाचा रस्ता समजावून सांगितला. अशी दुकानदारी करून माणूस चाळीस वर्षं टिकतो, हे मला आजही खरं वाटत नाही.

मग ती इमारत पाडायचं ठरलं. घरमालकाची मुलं भली होती, त्यांनी वर्षभर आधी सांगितलं. नवीन जागा बघून पुन्हा मांडामांड करावी असं अण्णांचं वय राहिलं नव्हतं, आणि पितळेला तसं गिऱ्हाईकही राहिलं नव्हतं. पुढच्या दुकानात आणि मागच्या खोलीत मिळून माल मात्र छताला लागला होता. हंडे, कळशा, पराती, समया, घंगाळं, गडू, पळ्या, ताम्हणं. नातेवाइकांना, देवळांना, मठांना दिलं तरी किती देणार. मोडवाला एका दिवसात सगळं वजनावर उचलायला तयार होता. मोड म्हणजे भट्टी. हंडा असो की समई, तिथे सगळ्याचा एक रस होतो. अण्णांनी तो शब्द दुकानात कुणाला उच्चारू दिला नाही. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, फोटो काढा, ऑनलाइन टाका, लोक घरबसल्या घेतात. त्याने चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइलही पाठवून दिला. मुलगा बोलून मोकळा झाला. अडकलो मी.

पहिला फोटो माझ्या मोबाइलवर आला तो एका समईचा. म्हणजे खाली तसं लिहिलं होतं. समईच्या पोटात अण्णा उभे होते. डोकं भोपळ्याएवढं, पाय काडीसारखे, हातात मोबाइल, आणि विभूतीचे तीन पट्टे त्या गोलाईत वाकून केळीच्या फणीसारखे झालेले. मागे शटर, शटरमागे रस्ता, रस्त्यावर उसाच्या रसाचं दुकान, आणि ट्यूबलाइटची पांढरीफेक रेघ या सगळ्यांना मधोमध कापत गेलेली. समई तेवढी दिसत नव्हती. त्यापाठोपाठ हंडा आला, त्यात अण्णा आडवे पसरले होते. परात आली, तिच्या आतल्या खोलगट भागात अण्णा उलटे टांगलेले होते. पळीत फक्त त्यांचं नाक होतं. मी "छान" असं लिहून पाठवलं, कारण मी वर्गात होतो. त्या एका शब्दाचं प्रायश्चित्त मला वर्षभर भोगावं लागलं. अण्णांनी ते सगळे फोटो विक्रीसाठी चढवले आणि तिसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे परत आले. सोबत एका ओळीचा निरोप होता: उत्पादनाच्या छायाचित्रात व्यक्ती दिसू नये. अण्णांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "मला निघा म्हणायलेत, सर. माझ्याच दुकानातून."

मी काहीतरी समजूत घातली. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही पोरांला उजेड शिकवता ना?"

मी शिकवतो. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचा कुणाला काही उपयोग होईल अशी शंका मला कधी आली नव्हती. पुढच्या शनिवारी लातूरची बस पकडली. दुकानात पोचल्यावर अण्णांनी मला गादीवर बसवलं, समोर हंडा ठेवला आणि वैद्यापुढे रोगी बसतो तसे हंड्याशेजारी बसले. मी सांगितलं, सपाट आरशासमोरून बाजूला झालं की माणूस त्यात दिसत नाही, पण हंडा गोल आहे, त्याला सगळ्या दिशा आहेत, त्यामुळे कुठेही उभं राहिलं तरी माणूस त्यात दिसणारच. अण्णांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे हंड्याला सगळं दिसतंय." मी म्हटलं, हो, तसं म्हणा. "मग माणसानं लपावं कुठं?" यावर पाठ्यपुस्तकात काही नव्हतं.

तरी आम्ही लपायचे प्रयत्न केले. पहिल्या दिवशी अण्णांनी डोक्यापासून पायापर्यंत काळं घोंगडं पांघरलं आणि मोबाइलपुरतं भोक ठेवलं. फोटोत अण्णा दिसेनात, पण हंड्यात एक अस्वल आलं. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या एक आजी निरांजन घ्यायला दुकानात चढल्या, कोपऱ्यातलं घोंगडं हलताना पाहून "शिवा शिवा" म्हणत पायऱ्या उतरल्या आणि त्या परत कधी आल्या नाहीत. मग पावडरचा प्रयोग झाला. भांड्यावर टाल्कम पावडर चोळली की चमक मरते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चमक मेली खरी, पण गडू बाळंतिणीच्या खोलीतून आणल्यासारखा दिसू लागला. मग थंडीचा. गार भांडं बाहेर काढलं की त्यावर दव धरतं आणि ते घडीभर मंद दिसतं, हे दुर्दैवाने मीच बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. त्यांनी फ्रिज उघडला तर दूध, दही, भाजी सगळं ओट्यावर आणि आत तीन कळशा, दोन तपेली आणि एक घंटा. फ्रिज घरी, दुकान गोलाईत. अण्णा कळशी टॉवेलात गुंडाळून स्कूटरवरून दुकानात आणायचे, पोचेपर्यंत दव सुकलेलं असायचं, आणि ते पुन्हा घरी. अक्का मला म्हणाल्या, "तुमचं ते इज्ञान तिकडं मुदखेडातच ठेवा."

ढगांचाही नाद झाला. आभाळ आलं की उजेड मऊ पडतो, चमक बोचत नाही, हे त्यांचं त्यांनाच समजलं होतं. लातूरमध्ये ढगांची वाट सगळेच पाहतात. पण ढग यावेत आणि पडू मात्र नयेत, अशी इच्छा धरणारे अण्णा एकटेच असावेत. आभाळ भरून आलं की आजूबाजूचे दुकानदार आनंदाने रस्त्यावर यायचे आणि अण्णा हातात समई घेऊन त्यांच्यामधून गच्चीकडे पळत सुटायचे. एकदा फोटो जमला जमला म्हणेपर्यंत टपोरे थेंब आले. घासलेल्या समईवर पाण्याचे डाग पडलेले पाहून ते जे काही आभाळाला बोलले, ते शेजारच्या कापडवाल्याने मला सांगितलं, पण मी लिहिणार नाही.

हे सगळं आता मला हसू आणतं, तेव्हा हसू येत नव्हतं. दर आठवड्याला माझ्या मोबाइलवर पाच-पन्नास फोटो यायचे. मी ते रेल्वेत बसून मोठे करून पाहायचो आणि कुठे कान, कुठे चष्मा, कुठे बनियनची कड दिसते ते कळवायचो. इमारत रिकामी करायचा दिवस जवळ येत होता आणि माल तसूभर हलत नव्हता. अण्णा वाळत चालले होते. पूर्वी भांडं घासताना ते काहीतरी पुटपुटत असायचे, खुशीत असले की वचनं म्हणायचे. आता भांडं घासून झालं की समोर धरून त्याच्याकडे संशयाने बघायचे. अक्का म्हणाल्या, "आधी उजळतेत, मग त्यालाच शिव्या घालतेत. मला तर समजनाच झालंय."

शेवटी तंबू लागला. अण्णांची जुनी पांढरी धोतरं जोडून आम्ही दुकानाच्या मध्यभागी एक खोली केली, उजेड बाहेरून दिला आणि भांडं आत ठेवलं. मोबाइलसाठी एक भोक पाडलं, तर तेच भोक भांड्यात काळ्या बुबुळासारखं उमटलं. दुकानातला प्रत्येक गडू एका डोळ्याने आमच्याकडे बघू लागला. मग मी मोबाइल खाली घेतला, भोक लहान केलं, वर पांढरा कागद लावला, तासाभराने डोळा गेला. ट्यूबलाइट गेली, शटर गेलं, रसाचं दुकान गेलं, अण्णा गेले. घंगाळाचा फोटो आला आणि त्यात घंगाळाशिवाय काही नव्हतं. मी मोठ्या अभिमानाने मोबाइल अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला.

"हे पितळ हाय का माती?" ते म्हणाले.

खरंच ती माती दिसत होती. चमक सगळी काढून टाकल्यावर घंगाळात सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी पुन्हा खटपट केली, तंबूच्या एका बाजूचा पडदा थोडा वर घेतला, घंगाळाच्या काठावर उजेडाची एकच बारीक रेघ येऊ दिली. ती आली तेव्हा अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दोन दिवसांत आम्ही मालातल्या निवडक भांड्यांचे फोटो काढले आणि त्यांतला एकही परत आला नाही.

पहिली मागणी एका गडूची आली, बेंगळुरूहून. अक्कांनी तो जुन्या लुगड्यात बाळासारखा गुंडाळून दिला. बाराव्या दिवशी तोच गडू त्याच लुगड्यात परत आला. कारण लिहिलं होतं: फोटोत जुना वाटला म्हणून मागवला, आला तो नवा निघाला. अण्णांनी ते मला चार वेळा वाचून दाखवायला लावलं. तो गडू जुनाच होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. फक्त घासलेला होता.

आणि मग पुण्याच्या एका माणसाचा फोन आला. हॉटेलं, बंगले सजवून देण्याचा त्याचा व्यवसाय होता. बोलायला सभ्य होता, मी स्वतः बोललो त्याच्याशी. त्याला सगळा माल हवा होता, मागच्या खोलीसकट. भट्टीचा प्रश्न नाही, मोडतोड नाही, भांडी जशीच्या तशी राहणार होती. अट एकच. ती काळी पडलेली हवीत. घासू नका, म्हणाला, जमलं तर मिठाच्या पाण्याचा हात फिरवून ठेवा, आणि काळी झाल्यावर फोटो पाठवा. मी त्याच क्षणी बायकोला सांगितलं की अण्णा सुटले. इतकं सोपं कुणाच्या वाट्याला येतं.

अण्णा नाही म्हणाले नाहीत. बघतो म्हणाले. चार दिवस त्यांनी चिंचेला हात लावला नाही. एक समई निवडली, मिठाचं पाणी लावून मागच्या खोलीत ठेवली. पाचव्या दिवशी मला तिचा फोटो आला. समई काळपट, हिरवट, डागाळलेली. तंबू नाही, कागद नाही, भर दुकानात ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, आणि त्यात चमकेचा एक ठिपका नव्हता. अण्णांचा मागमूस नव्हता. खाली त्यांनी एकच शब्द लिहिला होता: जमला. मी लगेच फोन लावला. तो अक्कांनी उचलला.

"कुठं हायत अण्णा?"

"समई घासायलेत," अक्का म्हणाल्या.

मी दुसऱ्याच दिवशी, रजा टाकून, लातूरला गेलो. मी त्यांच्यापेक्षा वयाने लहान, कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. एवढा जिवाचा आटापिटा केला तो भांडी वाचावीत म्हणूनच ना, आणि आता ती वाचत असताना हा हट्ट कशासाठी, असं मी त्यांना त्यांच्याच गादीवर बसून विचारलं. अक्का माझ्या बाजूने होत्या. हळूच म्हणाल्या, "काळी का हुईनात, राहतील तर."

"राहून काय करतील?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "कोपऱ्यात बसून लोकाला दाखवतील, आम्ही किती जुने हाव म्हणून. चाळीस वर्षं एकेका बाईला सांगत आलो, घासून ठिवा, लक्ष्मी हाय. आता तिलाच काळं फासून उभं करू? माझ्यानं व्हत न्हाई, सर. केलं की. एक करून बघितली. न्हाई व्हत."

तेव्हा मी ते बोललो. "मग घाला मोडीत," असं म्हणालो. रागाने म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली. त्या दुकानात तो शब्द पहिल्यांदा मी उच्चारला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हाव. ते बराबर राहील."

महिन्याभराने त्यांचा फोन आला. मोडवाल्याला सोमवारी बोलावलं आहे, म्हणाले. येता का, एवढंच विचारलं. मी शनिवारीच गेलो, बायकोही आली. दुकानाच्या दारातच चिंचेचा आंबट वास आला. मागच्या खोलीतला सगळा माल पुढे काढलेला होता आणि अण्णा, अक्का दोघं जमिनीवर बसून घासत होते. अक्कांची बोटं काळी पडून भेगाळली होती. बायकोने पदर खोचला, मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बसलो. दोन दिवस आम्ही चौघांनी भांडी घासली. अण्णा मधूनच एखादं भांडं हातात घेऊन कुणी घडवलं, कुठून आणलं ते सांगायचे. काही समया त्यांनी स्वतःच्या लग्नाआधी घेतलेल्या होत्या. मी एक कळशी घासून बाजूला ठेवली तर ती उचलून बघितली आणि "बुडाला ऱ्हायलंय" म्हणून परत दिली. पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही. मी जे बोललो होतो त्याबद्दल मला माफी मागायची होती. शब्द जुळवून ठेवले होते, पण हातात राख होती आणि समोर भांडी होती, ते राहूनच गेलं.

सोमवारी अकराच्या सुमाराला टेंपो आला. मोडवाला पन्नाशीचा, शांत माणूस. सगळा माल रांगेने लखलखताना पाहून तो पायरीवरच थांबला.

"चचा," तो म्हणाला, "ये कल भट्टी में जानेवाला है. कायकू घिस रहे?"

अण्णा शेवटचं ताम्हण पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "माणसाला न्यायच्या आधी आंघोळ घालतेत का न्हाई?"

मोडवाला पायऱ्या उतरला. खाली जाऊन त्याने टेंपोत पसरलेलं लोखंडी भंगार एका बाजूला सारलं, रिकामी पोती अंथरली, आणि वर येऊन स्वतःच्या माणसांना सांगितलं की फेकायचं नाही, एकेक हाताने ठेवायचं. आवाज न करता माल भरायला त्यांना दीड तास लागला. वजन करतानाही त्याने काट्यावर पोतं टाकलं. मोडीचा माल असा भरलेला मी कधी पाहिला नाही, आणि त्यानेही भरला नसेल. टेंपो निघाला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मागचं फळकूट उघडं होतं आणि आतून उजेड असा बाहेर पडत होता की समोरचे दुकानदार कपाळावर हात धरून बघत उभे राहिले. वळणावर एका रिक्षावाल्याने डोळे मिटून ब्रेक लावला. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. टेंपो दिसेनासा झाला तरी ते तिकडेच पाहत होते.

मग आम्ही पायऱ्यांवर बसलो. रसाच्या दुकानातून कुणीतरी न सांगता चार ग्लास आणून दिले. अक्का आणि माझी बायको रिकाम्या दुकानाकडे पाठ करून बसल्या होत्या. अण्णांनी दोन घोट घेतले आणि ग्लास बाजूला ठेवला.

"सर," ते म्हणाले, "एक इचारू? पितळ वितळतंय तवा काळं व्हतं का?"

माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या गंभीरपणे मला कुणी प्रश्न विचारला नसेल. मी म्हटलं, नाही अण्णा, काळं होत नाही. इतकं तापलं की ते स्वतःच उजेड देतं. बाहेरचा लागत नाही.

"सोताचाच?"

"स्वतःचाच."

अण्णांनी ग्लास पुन्हा उचलला. "मग ठीक हाय," म्हणाले, आणि उरलेला रस पिऊन टाकला. उठून त्यांनी दुकानात एकदा नजर फिरवली, शटर खाली ओढलं आणि खिशातून किल्ली काढली. आत घेऊन जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि आम्ही चौघं उन्हातून घराकडे चालू लागलो.